अर्थिंग
अब्बांची १९७८ची पद्मिनी. मागचा इंडिकेटर दिला की टेललाइटही लुकलुकायचा, ब्रेक दाबला की दोन्ही मंद. बल्ब, फ्यूज बदलून झाले. शेवटी वायरिंग करणाऱ्या चाचांना गॅरेजमध्ये नको ते बोललो. ते मुकाट्याने पेटी उचलून गेले.

रविवारी लेकीला ब्रेकवर बसवलं. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं दिव्याच्या पत्र्याला. ०.२ व्होल्टच्या आत हवं, दिसले ३! वायर ठीक, अर्थिंगच नाही. बोल्ट खोलला तर खाली चकचकीत रंग. गेल्या वर्षी हौसेने गाडी मीच रंगवली होती.

पत्रा घासला, बोल्ट आवळला. दिवे लख्ख.

असरला चाचा मशिदीत भेटतील. माफी चारचौघांतच मागायची आहे. बोललोही चारचौघांतच होतो.