फोड करून बघा!

'तुझं काय बाई, तू कॉन्व्हेंटची!' हे वाक्य हॉस्टेलवर आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतं. म्हणजे इंग्रजी शब्द कितीही लांबलचक असो, मला तो येणारच. उच्चार येतो, कबूल. पण अर्थाचं काय?

'अ‍ॅडियाबॅटिक' मी पहिल्या दिवसापासून धडाधड म्हणते. त्याचा अर्थ मात्र मला उलगडून दाखवला तो मराठी मीडियमच्या माझ्या रूम पार्टनरने. शाळेत संस्कृत शिकलेली ती. शब्द दिसला की फोड करायची सवय. डिक्शनरीत मूळ ग्रीक बघून म्हणाली, ''अ' म्हणजे नाही, आपल्या 'अशक्य'मधला. 'डाया' म्हणजे आरपार. 'बॅट' म्हणजे जाणारं. आरपार न जाणारं! काय जात नाही? उष्णता!' झाली की व्याख्या!

हीच मुलगी ओरलला मात्र गप्प बसायची. 'येतं गं सगळं, पण उच्चार चुकला तर हसतील.'

खरी गोम अशी की मराठीत आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्याच जोराने म्हणतो. इंग्रजीत एकाच तुकड्यावर मुख्य जोर, आणि तोही जागा बदलतो. 'फोटोग्राफ'मध्ये पहिल्या तुकड्यावर, 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्या, 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्या! पण घाबरू नका, शब्दाची शेपटी बघा. शेवटी 'इक', 'शन' किंवा 'इटी' असेल तर जोर बहुतेक वेळा लगेच आधीच्या तुकड्यावर. 'थर्मोडायनॅमिक'मध्ये 'नॅ'वर, 'इलेक्ट्रिसिटी'मध्ये 'ट्रि'वर. 'अरिथमॅटिक'सारखे अपवाद आहेतच. गणित तिथेही सोडत नाही.

आणखी एक गंमत. उच्चाराची फोड आणि अर्थाची फोड एकच असेल असं नाही. तोंडाने आपण 'हे-लि-कॉप-टर' म्हणतो, पण अर्थाने तो 'हेलिको' अधिक 'प्टर'. पहिला भाग आपल्या हेलिकल गिअरमधला, मळसूत्राचा. दुसरा म्हणजे पंख.

एक फोड माझ्याकडे होती, दुसरी तिच्याकडे. मग मेसवरून आल्यावर रोज पाच शब्द, असा आमचा सौदा ठरला. ती अर्थ फोडायची, मी उच्चार.

या सेमिस्टरच्या ओरलला ती बोलली. जोर दोनदा घसरला. कोणी हसलं नाही. एक्स्टर्नलनी सरळ पुढचा प्रश्न विचारला.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, शब्द अंगावर आला तर पळू नका. मीडियम कुठलंही असो, आधी फोड करून बघा!