हाय खाईल म्हणून

गोड बोलणारा डॉक्टर म्हणून तालुक्यात माझं नाव होतं, आणि ते मला मनापासून आवडायचं. तंबाखू आणि मिश्री घराघरांत असलेल्या आमच्या भागात जबड्याचा, गळ्याचा कॅन्सर काही नवलाचा नाही. अशा कुणाचा तुकडा तपासून रिपोर्ट आला, की पेशंटच्या आधी त्याचा मुलगा किंवा जावई केबिनमध्ये शिरायचा, दार हलकेच लोटून घ्यायचा आणि म्हणायचा, "डॉक्टर, त्यांना काही बोलू नका. हाय खातील." मी मान डोलवायचो. मग पेशंटला आत घेऊन सांगायचो, "काका, गाठीत जरा खराब पेशी दिसल्यात. एकदा मुंबईला दाखवून घेऊ, म्हणजे शंका नको." काका "बरं" म्हणून उठायचे. जाताना मुलगा माझा हात हातात घ्यायचा.

यात काही गैर आहे असं मला वाटत नव्हतं. उलट, शब्द जपून वापरणं म्हणजे हेच, असं माझं ठाम मत होतं. त्याला कारणंही तशीच होती. माणसानं धीर सोडला की जेवण सुटतं, झोप जाते, उपचार अर्धवट राहतात, हे मी डोळ्यांनी बघत होतो. शिवाय आपल्याकडे आजार एकट्याचा नसतो; निर्णय घर घेतं, पैसा घर उभा करतं, मग बातमीचं ओझंही घरानंच उचललं तर बिघडलं कुठं? आणि दुसरी बाजूही पाहिलेली होती. मोठ्या दवाखान्याच्या व्हरांड्यात, स्ट्रेचरशेजारी उभं राहून "फोर्थ स्टेज आहे, सहा महिने धरा" असं सांगून पुढच्या पेशंटकडे वळणारे डॉक्टर मी बघितले होते. स्पष्टवक्तेपणा म्हणतात तो हाच असेल, तर तो मला नको होता. फटकळ बोलणं आणि गोड बोलणं, असे दोनच पर्याय मला दिसत होते. त्यांतला एक मी निवडला होता.

या मतात मी एकटा नव्हतो. १९६१ साली अमेरिकेत डोनाल्ड ओकेन यांनी डॉक्टरांना विचारलं होतं, की कॅन्सरचं निदान तुम्ही रुग्णाला सांगता का? शंभरातल्या सुमारे नव्वद डॉक्टरांचा कल न सांगण्याकडे होता. १९७९ साली जवळजवळ तेच प्रश्न पुन्हा विचारले गेले, तेव्हा सत्त्याण्णव टक्के डॉक्टरांनी सांगण्याच्या बाजूनं कौल दिला. अठरा वर्षांत आख्ख्या पेशानं कूस बदलली. या मधल्या काळात उपचार सुधारले होते, रुग्णाच्या हक्कांची चर्चा सुरू झाली होती. हे आकडे मला बरीच वर्षं माहीत होते. पण मी म्हणायचो, तिथं माणूस एकटा राहतो आणि डॉक्टरच्या मागे वकील लागतो. आपलं तसं नाही. परदेशातली गोष्ट न पटण्यासाठी एवढं कारण आपल्याला पुरतं.

मत एका दिवसात फिरलं नाही. आधी ढिलं झालं ते एका साध्या जाणिवेनं: मी जे लपवत होतो, ते लपत नव्हतं. परळचं टाटा रुग्णालय १९४१ पासून उभं आहे. आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही वाडीवर जाऊन "त्यांना टाटाला नेलंय" एवढं म्हणा, पुढं काही सांगावं लागत नाही. मी "मुंबईला दाखवून घेऊ" म्हणायचो, आणि पेशंट दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जाऊन उतरायचा. तिथं आजूबाजूला कुणाच्या नाकात नळी, कुणाच्या मानेवर शेक देण्यासाठी आखलेल्या खुणा, कुणाचे केस गेलेले. चार दिवस त्यांच्या पंक्तीला बसून जेवणाऱ्या माणसाला आपल्याला काय झालंय हे कळत नसेल, असं मी कशाच्या आधारावर धरून चाललो होतो?

अकिरा कुरोसावांच्या 'इकिरू' या १९५२ च्या जपानी चित्रपटात हे नेमकं पकडलंय. पोटाच्या दुखण्यासाठी आलेल्या एका सरकारी बाबूला दवाखान्यातला दुसरा पेशंट बाहेर बसल्या बसल्या सांगतो, की डॉक्टर साधा अल्सर आहे म्हणाले, वाटेल ते खा म्हणाले, तर समजून जा. आत गेल्यावर डॉक्टर साधा अल्सर असल्याचंच सांगतो. आपल्याकडे वेगळं काय आहे? "आता त्यांना काय खावंसं वाटेल ते खाऊ द्या" या वाक्याचा अर्थ न कळणारं घर मी अजून पाहिलेलं नाही. शब्द मऊ होते, पण निरोप पोचत होताच. फक्त तो पोचताना माणूस एकटा असायचा, आणि शंका कुणाला विचारायची सोय मी ठेवलेली नसायची.

एका शेतकऱ्यानं हे मला तोंडावर दाखवलं. गळ्याचा आजार, बराच पुढे गेलेला. नेहमीप्रमाणे मुलानं आधी येऊन सांगून ठेवलं होतं. म्हाताऱ्यानं मुलाला पाणी आणायला बाहेर धाडलं आणि बसक्या आवाजात म्हणाला, "डाक्टर, मला काय झालंय ते मला ठावं हाय. पोराला कळू देऊ नका, त्यो हाय खाईल. मला येवढंच सांगा, ऊस तुटंस्तोवर मी हाय का? सोसायटीचं बेबाक करायचंय, आन् थोरल्या-धाकट्याच्या वाटण्या माझ्या हातानं करायच्यात. मागनं सातबाऱ्यावरनं डोकी फुटायला नकोत." मुलानं माझ्यासमोर वापरलेला शब्द बापानं मुलाविषयी जसाच्या तसा वापरला होता. दोघंही एकमेकांना जपत होते आणि मी दोघांच्या मधे उभा राहून दोघांनाही मदत करत होतो. म्हाताऱ्याला दिलासा नको होता. त्याला हिशेब लावायला मुदत हवी होती, आणि ती माझ्याखेरीज कुणी सांगू शकत नव्हतं.

तरीही मी मनाची समजूत घातली, की असे खंबीर लोक थोडेच. माझ्या मताचा पाया खरा हलवला तो २०१२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या एका अभ्यासानं. जेन वीक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुप्फुसाचा किंवा मोठ्या आतड्याचा कॅन्सर चौथ्या टप्प्यात पोचलेल्या आणि केमो घेत असलेल्या सुमारे बाराशे रुग्णांना विचारलं, या केमोनं तुम्ही बरे होण्याची कितपत शक्यता आहे? या टप्प्यावरची केमो आयुष्य थोडं वाढवते, त्रास कमी करते. पूर्ण बरं करण्याची शक्यता नगण्य. पण फुप्फुसाच्या कॅन्सरचे एकूणसत्तर टक्के आणि आतड्याच्या कॅन्सरचे एक्क्याऐंशी टक्के रुग्ण हे समजून नव्हते. इथवर मला धक्का बसला नाही. पुढचं वाक्य मात्र दोनदा वाचलं: आपला डॉक्टर फार छान बोलतो असं म्हणणाऱ्या रुग्णांमध्ये हा गैरसमज जास्त होता.

म्हणजे माझ्या ज्या गुणाचं गावभर कौतुक होत होतं, तोच इथं तपासाखाली आला होता. मी माझीच वाक्यं आठवू लागलो. "केमोला चांगला रिस्पॉन्स आहे" हे त्यांतलं सगळ्यात लाडकं. मी म्हणत होतो ते खरंच असायचं: गाठ तीन सेंटिमीटरची दोनवर आली, औषधाला दाद देतेय. डॉक्टरांच्या भाषेत रिस्पॉन्स म्हणजे एवढंच. खुर्चीत बसलेला माणूस ऐकायचा, "मी बरा होतोय." त्याच जोरावर तो घरी जाऊन आणखी एक एकर गहाण टाकायचा. मी खोटं एक अक्षर बोललेलो नसायचो, आणि तरी माझ्या डोक्यातलं चित्र आणि त्याच्या डोक्यातलं चित्र यांत जमीन-अस्मानाचं अंतर असायचं. शब्द निवडण्याची माझी कसोटी तोवर एकच होती: ऐकून माणसाला बरं वाटतंय ना? तिथं आता दुसरी कसोटी आली: ऐकून त्याला काय कळलं?

ही कसोटी लावली की बोलण्याची रीतच बदलते. पहिली गोष्ट म्हणजे सांगण्याआधी विचारावं लागतं. "आजाराबद्दल तुम्हाला आत्तापर्यंत काय कळलंय?" आणि मग, "तुम्हाला सगळं सविस्तर सांगू, की मोटामोटी सांगून बाकीचं मुलाशी बोलू?" हे माझं संशोधन नाही. रॉबर्ट बकमन हे कॅन्सरतज्ज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी २००० साली वाईट बातमी सांगण्याच्या पायऱ्या घालून दिल्या, त्यांत हे येतं. आपल्याकडे २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातच संवादाचं शिक्षण आलं आहे. माणुसकी अशी पाठ करून येते का, असं म्हणून मी सुरुवातीला हसायचो. आता माझ्याकडे येणारी पोरं हे प्रश्न विचारतात, तेव्हा निम्मे पेशंट आपणहून आजाराचं नाव घेतात, हे मी ऐकतो.

आकड्यांचंही तसंच. १९८२ साली बार्बरा मॅकनील यांनी दाखवून दिलं, की फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेनंतर "शंभरातले नव्वद वाचतात" म्हटलं की लोक शस्त्रक्रियेकडे झुकतात आणि "शंभरातले दहा दगावतात" म्हटलं की बिचकतात. गणित तेच असताना डॉक्टरांचीसुद्धा निवड फिरली होती. मी कायम नव्वदच सांगत आलो. हल्ली दोन्ही सांगतो आणि मग म्हणतो, "आता घरी गेल्यावर वहिनींना काय सांगाल, ते मला सांगा बघू." त्या उत्तरात माझ्या बोलण्याचा निकाल असतो. दर वेळी पास होतो असं नाही.

एक वाक्य मी पार सोडून दिलं: "घरी न्या आणि सेवा करा." महाराष्ट्रात हे सगळ्यांना समजतं, म्हणूनच ते सोयीचं. पण सेवा म्हणजे नक्की काय करायचं, हे त्यात कुठं आहे? आता मी सांगतो: दुखायला लागायची वाट न बघता मॉर्फिनची गोळी वेळेवर द्या, दर दोन तासांनी कूस बदला, पाणी चमच्यानं द्या, जबरदस्तीनं भरवू नका, रात्री श्वास घरघरू लागला तर या नंबरवर फोन करा. "आता काही करता येणार नाही" असं आम्ही म्हणायचो, ते मुळात खरंही नव्हतं.

गोड बोलण्यामागं पेशंटची काळजी होती, हे मी आजही म्हणतो. पण तेवढंच होतं असं म्हणवत नाही. "जरा खराब पेशी दिसल्यात" म्हटलं की दोन मिनिटांत पेशंट बाहेर. खरं सांगितलं तर तो गप्प होतो, रडतो, तेच पुन्हा विचारतो, आणि बाहेर चाळीस माणसं ताटकळत असतात. त्याच्या रडण्यासमोर बसून राहायचं मला शिकवलेलं नव्हतं आणि मला ते झेपतही नव्हतं. मऊ शब्दांनी त्याचं दुःख किती हलकं झालं, कोण जाणे; माझी अडचण मात्र नक्की टळायची.

मत बदललं म्हणजे मी दुसऱ्या टोकाला गेलो, असं मात्र नाही. "मला काही सांगू नका, पोराला सांगा" असं स्वतः म्हणणारे पेशंट आहेत, आणि त्यांच्यापुढं मी रिपोर्ट वाचत बसत नाही. किती ऐकायचं हे त्यांनी ठरवलं, एवढं पुरे. त्यांच्या वतीनं ते मी ठरवायचो, तेवढं थांबलं. दार लोटून आत येणारे मुलगे, जावई आजही येतात, शब्दही तोच असतो. मी त्यांना बसवून घेतो, तुम्हाला कशाची भीती वाटते ते विचारतो, सगळं ऐकून घेतो. मग सांगतो, "मी आपणहून विषय काढणार नाही. पण त्यांनी मला विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही." काही जण नाराज होतात. एकदोघे दुसऱ्या डॉक्टरकडे गेले. गोड बोलणारा ही ख्याती आता पहिल्यासारखी राहिलेली नाही, आणि त्याचं मला थोडं वाईट वाटतं, हेही लपवत नाही.