आश्रमाची सीमा आणि गुराख्याची काठी

शनिशिंगणापूरच्या आख्यायिकेत शिळा प्रथम दिसते ती राजाला नव्हे, ऋषीलाही नव्हे, तर गुराख्यांना. पानसनाल्याच्या पुरात वाहत आलेली काळी शिळा बोरीच्या झाडाला अडकते; एक गुराखी तिला काठी टोचतो आणि दगडातून रक्त वाहू लागते. पुढे देव स्वप्नात येऊन छप्पर नाकारतो. नेवासे तालुक्यातील या गावी शिळा आजही उघड्या चौथऱ्यावर आहे, आणि घरांना दारे न बसविण्याची रूढी तिच्याच धाकाशी जोडली जाते.

अभिजात वननाट्याच्या पर्यावरणवादी वाचनाला ही कथा उपयोगी पडते. जखम इथे रूपक राहत नाही. ती करणारा हात दिसतो, आणि तो श्रम करणाऱ्याचा आहे.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगमंचावर आले आणि मराठी संगीत नाटकाचा प्रवाह एका तपोवनातून वाहू लागला. कालिदासाच्या चौथ्या अंकात वृक्ष शकुंतलेला वस्त्राभरणे देतात, हरिणाचे पाडस तिचा पदर ओढते. मानव व निसर्ग यांच्या ऐक्याचा पुरावा म्हणून हा अंक वारंवार पुढे केला जातो. परंतु पहिल्या अंकात तपस्वी दुष्यंताला अडवतो ते हरिण आश्रमाचे आहे म्हणून. दुसऱ्या अंकात मृगया थांबते तीही राजाचे मन शकुंतलेत गुंतल्यामुळे. अभय मिळते ते सीमेच्या आत आणि राजाच्या मर्जीवर. सीमेबाहेरच्या अरण्याला या नाटकात वकील नाही.

सीमेबाहेरचा माणूस मात्र नाटकात एकदा येतो. सहाव्या अंकाच्या आरंभी अंगठी सापडलेल्या कोळ्याला रक्षक चोर समजून मारहाण करतात आणि त्याच्या धंद्याचीही टवाळी करतात. निसर्गावर पोट असलेला माणूस राजधानीत प्रवेश करतो तो आरोपी म्हणून. शेक्सपिअरच्या 'ॲज यू लाइक इट'मधील कोरिनची स्थिती याहून सौम्य असली तरी वेगळी नाही: तो मेंढ्या राखतो, पण कळप धन्याचा असतो, आणि धनी तो विकायला निघालेला असतो.

हा प्रश्न ग्रंथापुरता उरत नाही. १९७९ साली सोलापूर आणि अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य घोषित झाले. ज्या माळरानाला संरक्षण मिळाले, तेच पिढ्यान्‌पिढ्या मेंढपाळांचे कुरण होते. आश्रममृगाला अभय देताना गुराख्याला परका ठरविण्याची तर्करीती इथे कायद्याच्या भाषेत पुन्हा अवतरली. माळढोक तरीही जवळजवळ नाहीसा झाला. दोष एकट्या सीमेचा नव्हे. सिंचन, ऊसशेती आणि विजेच्या ताराही त्यात आहेत. पण माळाला रिकामी जागा समजणारी नजर या सर्वांमागे आहे, आणि ती घडविण्यात वननाट्याच्या भाबड्या वाचनाचाही वाटा आहे.

म्हणून पर्यावरणवादी समीक्षेने तपोवनाचे सौंदर्य नाकारण्याचे कारण नाही. त्याची सीमा कोणी आखली, एवढे तिने विचारावे. शिंगणापूरच्या कथेत काठी टोचणारा गुराखी हाकलला जात नाही. रक्त पाहून भ्यालेला तोच गावाला वार्ता देतो. कालिदासाचा कोळीही तसाच वार्ता आणणारा आहे: हरवलेली स्मृती राजाला त्याच्याच हातून परत मिळते. त्याला आधी चोर ठरवावे लागले, हे दारे नसलेल्या गावाच्या उंबऱ्यावरून अधिक स्पष्ट दिसते.