एकाच डोंगराचा आठवडा

या आठवड्यात जे काही नवं वाचलं-ऐकलं ते मला फिरून फिरून दल्ली-राजहराच्या डोंगरापाशीच घेऊन गेलं. आमच्या भिलाईपासून सुमारे 90 किलोमीटरवर, दक्षिणेला, हा लोहखनिजाचा डोंगर आहे. बीएसपीच्या, म्हणजे भिलाई स्टील प्लांटच्या, भट्ट्या त्यावर चालतात हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मला नवी होती ती त्याच्या शोधाची गोष्ट.

भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी 1887 साली या लोखंडाची नोंद केली. नकाशावर रंग चढला आणि पुढे कित्येक वर्षं तो तसाच राहिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोराबजी टाटा नागपूरला आले ते चांदा जिल्ह्यातला लोखंडाचा शोध सोडून देतो आहोत, एवढं सरकारला कळवायला. अधिकारी जागेवर नव्हते. वेळ काढायला दोराबजी जवळच्या संग्रहालयात शिरले आणि तिथल्या भूवैज्ञानिक नकाशावर त्यांना दुर्ग जिल्ह्यातला गडद पट्टा दिसला. ते इथवर आले, खनिज पाहून थक्क झाले. पण कोकसाठी लागणारा कोळसा जवळ नव्हता, पाणी पुरेसं नव्हतं. टाटांचा पोलाद कारखाना गेला साकचीला, आजच्या जमशेदपूरला.

भिलाईच्या कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला 2 फेब्रुवारी 1955 रोजी. तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरच होती, हे आम्हा इथल्या मराठी घरांना विशेष वाटतं. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राजेंद्र प्रसादांच्या हस्ते पहिल्या झोत भट्टीचं उद्घाटन झालं. कोळसा रेल्वेने आला, पाणी तांदुळा धरणातून आलं. बोसांच्या नोंदीपासून भट्टीपर्यंत 72 वर्षं गेली. एखादी गोष्ट शोधली, छापली, म्हणजे ती जगाला कळली असं आपण धरून चालतो. मधला हा काळ कुणी मोजत नाही, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटू लागला आहे.

याच लोखंडाचे रूळ घडवणाऱ्या बीएसपीच्या रेल मिलमधून निवृत्त झालेले शेजारचे काका रुळांबद्दल बोलायला लागले की थांबत नाहीत, आणि थांबू नयेत असंच वाटतं. वितळलेलं पोलाद हायड्रोजन सहज सामावून घेतं. थंड होताना तेवढा त्यात मावत नाही. आत अडकलेले अणू एकत्र येतात आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा पडतात. रूळ बाहेरून निर्दोष दिसतो. पुढे वर्षानुवर्षं चाकांचा भार येत राहतो, चीर वाढत जाते आणि एके दिवशी रूळ तुटतो. हा हायड्रोजन येतो ओलाव्यातून: चुन्यातून, मिश्रधातूंतून, भट्टीच्या अस्तरातून. “पावसाळ्यात चुन्यावर नजर ठेवावी लागते बघ,” काका म्हणाले. म्हणून ओतण्याआधी पोलाद निर्वातात नेऊन वायू ओढून काढतात. आपल्या रेल्वेच्या मानकाप्रमाणे द्रव पोलादात हायड्रोजनचं प्रमाण दहा लाखांत 1.6 भागांहून जास्त चालत नाही, म्हणजे टनामागे 1.6 ग्रॅम! गाडीत झोपलेल्या माणसाचा जीव एवढ्याशा वजनावर टिकलेला असतो, आणि ते सांभाळणाऱ्या हातांचं नाव कुठल्याच तिकिटावर नसतं.

पण या आठवड्यात मला सर्वांत जास्त हलवलं ते दल्लीच्याच शहीद हॉस्पिटलने. खाणीत हातांनी खनिज फोडणारे बहुतेक मजूर ठेकेदारीवर होते. कायम कामगारांना मिळणारे उपचार त्यांच्या वाट्याला येत नसत. 1977 साली कामगार नेते शंकर गुहा नियोगी यांच्याबरोबर त्यांनी संघटना उभारली आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात पोलिसांच्या गोळीबारात त्यांच्यातले अकरा जण गेले. पुढे संघटनेच्या उपाध्यक्ष कुसुमबाई बाळंतपणात, वेळेवर उपचार न मिळाल्याने वारल्या. प्रसूतीत बाईला कसं वाचवायचं हे वैद्यकाला केव्हाचं ठाऊक होतं. ते ज्ञान त्यांच्या खाटेपर्यंत आलं नाही, एवढंच.

मजुरांनी यावर जे केलं ते मला कुठल्याही प्रयोगशाळेतल्या शोधाइतकं मोठं वाटतं. त्यांनी आपल्या पैशांतून, आपल्या श्रमातून दवाखाना उभा केला. 1983 च्या जूनमध्ये, गोळीबाराच्या स्मृतिदिनी, तो सुरू झाला. विनायक सेन यांच्यासारखे डॉक्टर तिथे राबले, आणि खाणीतल्याच माणसांना शिकवून आरोग्यसेवक केलं गेलं. 28 सप्टेंबर 1991 रोजी नियोगींची हत्या झाली, ती इथे भिलाईत, ते झोपेत असताना. हॉस्पिटल मात्र चालत राहिलं.

आता दल्लीचं खनिज सरत आलं आहे आणि बीएसपीची नजर बस्तरच्या रावघाटावर आहे. तिथल्या डोंगरात किती टन लोखंड आहे याचे आकडे कुठेही मिळतात. मला मात्र आता हे शोधायचं आहे की त्या डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या बाईला बाळंतपणाच्या रात्री डॉक्टर किती अंतरावर सापडतो.