कड नसलेला रुपया

नाशिकमधल्या एका पतसंस्थेत मी रोखपाल आहे. संध्याकाळी पिग्मी एजंट येतात, चिल्लरच्या पिशव्या टेबलावर रिकाम्या होतात आणि मोजणी सुरू होते. वर्षानुवर्षं नाणी मोजून बोटांना कडांची अशी सवय झाली आहे की वेगळं काही आलं तर ते डोळ्यांआधी बोटांना कळतं. तो रुपयाही असाच हाताला लागला. सन २००० चा, स्टेनलेस स्टीलचा, सालाखाली मुंबई टांकसाळीचा हिऱ्याच्या आकाराचा ठिपका असलेला. सिंहमुद्रेच्या बाजूने धरला की उजवीकडची कड एका जागी नव्हतीच. तिथे आत वळलेली कमान होती, सुमारे तीन मिलिमीटर खोल.

माझ्या पर्समधला एक रुपया हिशोबात टाकला आणि हा बाजूला ठेवला.

नाणी मी आवडीने गोळा करते, त्यामुळे मनात लगेच दोन शक्यता आल्या. एक, टांकसाळीतून तो असाच बाहेर पडला असेल. संग्राहक त्याला एरर म्हणतात. दुसरी, बाहेर कुणी तरी कानशीने किंवा ग्राइंडरने तो असा केला असेल. अशा नाण्यांचा बाजार मोठा आहे, म्हणून बनवणारेही पुष्कळ आहेत. प्रदर्शनांत भेटणाऱ्या एका जुन्या संग्राहक काकांना मी नाणं दाखवलं. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, नाणं दोन्ही बाजूंनी फिरवलं आणि मत न देता माझ्या हातात परत ठेवलं. म्हणाले, "ताई, किंमत राहू द्या. टांकसाळीत हे कुठल्या पायरीला झालं असेल, तेवढं आधी सांगा. ते सांगता आलं तर नाणं आपोआप बोलेल."

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. नाणं तयार होण्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. धातूची लांब पट्टी पंचाखाली सरकत जाते आणि तिच्यातून गोल चकत्या कापल्या जातात. चकत्या तापवून मऊ करतात, धुऊन उजळवतात. मग त्यांची कड दाबून थोडी उंच करतात. शेवटी कॉलर नावाच्या पोलादी कड्यात चकती बसते आणि वरच्या-खालच्या डायच्या एका ठोक्यात दोन्ही बाजू उमटतात. प्रत्येक पायरीला होणारी चूक वेगळी असते आणि तिच्या खुणाही वेगळ्या असतात. चकती नीट मध्यभागी बसली नाही तर छाप एका बाजूला सरकतो. आधीचं नाणं डायला चिकटून राहिलं तर पुढच्या नाण्यावर तीच बाजू उलटी आणि खोल उमटते, तो ब्रॉकेज. डायला तडा गेला तर नाण्यावर उंचवट्याची बारीक रेघ येते. कमानीची चूक मात्र पहिल्याच पायरीला होते.

ती कशी होते, हे मला माझ्या दादाने समजावलं. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत त्याचं छोटं प्रेस शॉप आहे. नाण्यांचा नाद त्याला कधीच नव्हता, पण पत्र्यातून चकत्या काढण्यात त्याचं आयुष्य गेलं. नाणं पाहताच तो म्हणाला, "फीड कमी पडलंय. पट्टी पुरेशी पुढं गेली नाही." लाटलेल्या पोळीवर वाटी दाबून पुऱ्या पाडताना वाटी आधीच्या भोकावर थोडी चढली की पुढची पुरी चंद्रकोरीएवढी कमी भरते, तसंच हे. मग त्याने एक साधा रुपया घेतला आणि त्याची कड कमानीत टेकवली. वळण जुळलं. आधीचं भोक त्याच पंचाचं, म्हणून कमानीची गोलाईही नाण्याएवढीच येते.

दादाने कमानीची उभी भिंतही दाखवली. पंच धातूत शिरतो तेव्हा जाडीचा एक भाग कातरला जातो आणि गुळगुळीत राहतो. उरलेला भाग ताणून तुटतो आणि खरबरीत राहतो. भिंगाखाली हे दोन पट्टे पुसट झालेले, पण दिसत होते. कानशीचे आडवे ओरखडे कुठेच नव्हते.

तरीही एवढ्याने भागत नाही. चांगलं हत्यार असेल तर गोलाई जुळवून घासणारा माणूसही सापडतो. म्हणून वजन पाहिलं. ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर त्याच सालचे साधे रुपये आणि हा रुपया शेजारी शेजारी तोलले. या रुपयाचं ठरलेलं वजन ४.८५ ग्रॅम आणि व्यास २५ मिलिमीटर. भाचीने कागदावर दोन समान वर्तुळं काढली, एक दुसऱ्यावर तीन मिलिमीटर चढवलं आणि सामाईक भागाचं क्षेत्रफळ काढलं. ते सुमारे पाच टक्के भरलं, म्हणजे पाव ग्रॅमला जरा कमी. काट्यावर हा रुपया ४.६ ग्रॅमच्या आसपास होता. लोहचुंबकालाही तो साध्या रुपयासारखाच चिकटला, म्हणजे धातूही तोच. वजनामुळे नाणं खरं ठरत नाही, कारण कापलेल्या नाण्याचं वजनही तेवढंच घटेल. पण उरलेली जाडी अबाधित आहे, नाणं आम्लात बुडवून झिजवलेलं नाही, एवढं वजनाने कळतं.

निर्णायक खूण कमानीच्या बरोबर समोर होती. तिथली उंच कड जवळजवळ सपाट होती. संग्राहकांच्या भाषेत हा ब्लेक्सली इफेक्ट. कड उंच करणाऱ्या यंत्रात चकती अरुंद खाचेतून लोळत जाते आणि समोरासमोरच्या दोन बिंदूंवर एकाच वेळी दाब येतो. कमानीची जागा त्या खाचेत आली की तिथे दाबायला काहीच नसतं, म्हणून समोरच्या बाजूलाही जोर लागत नाही आणि तिथली कड उठत नाही. नाणं पूर्ण तयार झाल्यावर कुणी तुकडा कापला तर समोरच्या कडेला काहीही होणार नाही. ती आधीच उठलेली असते. वापराने ती झिजली असेल का, हेही तपासलं. झीज असती तर त्या बाजूची अक्षरंही बोथट झाली असती. अक्षरं ठसठशीत होती, फक्त कड बसकी होती.

चौथी खूण कमानीजवळच्या अक्षरांत होती. ठोका बसताना धातू रिकाम्या जागेकडे वाहतो. त्यामुळे कमानीला लागून असलेली अक्षरं किंचित ताणलेली आणि टोकाला फिकी होती. नंतर कापलेल्या नाण्यात अक्षर सुरीने चिरल्यासारखं अर्ध्यावर तुटतं. इथे ते कमानीच्या काठाला विरत गेलं होतं. पंच, कड, ठोका या तिन्ही पायऱ्यांच्या खुणा एकाच क्रमात बसल्या, तेव्हा मी काकांना फोन करून उत्तर दिलं.

खोट्या एररच्या बाबतीत हा क्रम कुठे तरी मोडतोच. दोन नाणी व्हाइसमध्ये दाबून उलटा छाप काढलेला असेल, तर ठसा खोल दिसतो खरा, पण नाण्याची दुसरी बाजू चेपलेली असते. दहा रुपयांच्या नाण्याचा मधला गाभा काढून उलटा बसवलेला असेल, तर दोन धातूंमध्ये फट राहते आणि हत्याराचे वळ दिसतात. एकाच ठोक्यात ते धातू जसे एकमेकांत घट्ट बसतात, तसं हाताने जमत नाही. नाण्याची अशी मोडतोड २०११ च्या नाणे कायद्याने निषिद्ध आहे, हेही संग्राहकांनी लक्षात ठेवावं.

पायऱ्या काळाप्रमाणे बदलतात, म्हणून चुकीची व्याख्याही बदलते. आमच्याकडे अंजनेरीला परमेश्वरीलाल गुप्त यांनी उभारलेली नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. तिथल्या संग्रहालयात शिवराया पाहिल्या की हे सहज समजतं. तांब्याची चकती लहान, ठसा बहुधा तिच्याहून मोठा आणि वार हातोड्याचा. 'श्री राजा शिव' ही अक्षरं अर्धीच आली तर तो दोष नव्हे. त्या पद्धतीत नाणं असंच निघायचं. सरकलेली शिवराई 'दुर्मीळ एरर' म्हणून विकणारा एक तर अजाण असतो किंवा फसवत असतो.

फसवणुकीबद्दल मला तळमळीने सांगायचं आहे. एक भाजीवाल्या मावशी वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं घेऊन माझ्याकडे आल्या. मोबाइलवर कुणी तरी त्यांना लाखोंचा भाव सांगितला होता आणि आधी 'नोंदणी'चे पैसे मागितले होते. ते नाणं २०१२ चं, स्मारक म्हणून काढलेलं आणि चलनात भरपूर असलेलं. त्यात चूक कुठलीच नाही आणि लाखोंची किंमतही नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये अशा व्यवहारांबद्दल लोकांना सावध केलं होतं: बँकेच्या नावाने शुल्क मागणाऱ्यांशी तिचा काहीही संबंध नाही. मावशींनी पैसे भरलेले नव्हते, याचं मला फार बरं वाटलं. कष्टाने मिळवलेला पैसा असा जाताना बघवत नाही.

माझ्या रुपयाला बाजारात फार भाव नाही. परदेशी गुणांकन कंपनीकडे पाठवून तो प्लास्टिकच्या पेटीत सीलबंद करून घ्यायचा, तर खर्चच नाण्याच्या किमतीहून जास्त होईल. म्हणून मी त्याचं कार्ड स्वतः लिहिलं: साल, टांकसाळ, वजन, कमानीची खोली, समोरच्या कडेची स्थिती, अक्षरांची स्थिती आणि तुलनेसाठी तोललेल्या साध्या नाण्यांची वजनं. उद्या दुसऱ्या कुणी हे नाणं हातात घेतलं, तर माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची त्याला गरज नाही. तो प्रत्येक ओळ स्वतः पडताळू शकेल.

आता काउंटरवर कुणी विचित्र नाणं आणलं की मीही काकांचाच प्रश्न विचारते. उत्तर मिळेपर्यंत त्या नाण्याला खरं म्हणायचं नाही, खोटं म्हणायचं नाही आणि त्यासाठी कुणाला एक पैसाही द्यायचा नाही, एवढं प्रत्येकाला आवर्जून सांगते.