खाडाखोड राहू दिलेली पुस्तकं

प्रिय सोनू,


कलावंतांची आत्मचरित्रं तुला वाचवत नाहीत, सगळी सत्काराच्या भाषणांसारखी वाटतात, असं तू लिहिलंस. बरीचशी तशीच असतात, त्यावर मी वाद घालणार नाही. पण तू लंडनमध्ये आहेस, तिथलं पंक संगीत तुला आवडू लागलंय, तर व्हिव्ह अल्बर्टाइनचं पुस्तक वाचल्याशिवाय राहू नकोस. ‘द स्लिट्स’ या मुलींच्या बँडमध्ये ती गिटार वाजवायची. 2014 साली आलेल्या या पुस्तकाचं नाव ‘क्लोद्ज, क्लोद्ज, क्लोद्ज. म्युझिक, म्युझिक, म्युझिक. बॉइज, बॉइज, बॉइज.’ ‘तुझ्या डोक्यात दुसरं काही नसतंच’ असं म्हणत तिची आई तिला हेच ऐकवायची.

आजीने मागे ठेवलेल्या पैशांतून तिने गिटार घेतली, तेव्हा तिला ती वाजवता येत नव्हती. मग ‘द क्लॅश’बरोबरचा 1977चा दौरा, पहिली रेकॉर्ड, रस्त्यात अंगावर येणारी माणसं. हा भाग तू एका बैठकीत संपवशील. मला मोलाचा वाटतो तो पुढचा. पुस्तकाला रेकॉर्डसारख्या दोन बाजू आहेत. 1982 साली बँड फुटतो आणि दुसरी बाजू सुरू होते. मग ती एरोबिक्स शिकवते, सिनेमाचं शिक्षण घेते. मूल व्हावं म्हणून पुन्हापुन्हा उपचार, मुलीचा जन्म, कॅन्सर, आणि जिथे तिच्या गाण्याला जागा नाही असा संसार. पन्नाशी उलटल्यावर ती पुन्हा गिटार हातात घेते, पबमध्ये अनोळखी लोकांसमोर चुकतमाकत वाजवते. दुसऱ्या कुणी 1982लाच पुस्तक संपवलं असतं. तिने हरण्याची वर्षंही तेवढ्याच तपशिलात लिहिली, म्हणून माझा तिच्यावर विश्वास बसतो.

सोबत त्या काळातली फॅनझिन्स, म्हणजे चाहत्यांनी स्वतःच काढलेली छोटी नियतकालिकं, वाच. 1976च्या जुलैमध्ये मार्क पेरी या बँकेतल्या एकोणीस वर्षांच्या कारकुनाने ‘स्निफिन ग्लू’ सुरू केलं. ‘रमोन्स’चं संगीत ऐकून तो पेटला होता आणि त्यावर कुठे धड वाचायला मिळत नव्हतं, एवढंच कारण. पानं बघशील तर जाड पेनाने लिहिलेले मथळे, खाली साध्या टाइपरायटरवरचा मजकूर, चुकलेला शब्द तिथल्या तिथे खोडलेला, कडेला स्टेपल. आपल्याकडे साठच्या दशकात सायक्लोस्टाइल करून अनियतकालिकं निघाली, त्यांची पानं आठवतात मला. खप हजारांत गेला तरी पेरीने पुढच्याच वर्षी ते बंद केलं. फॅनझिनमध्ये लिहिणाऱ्याला पुढे कोण मोठं होणार याचा पत्ता नसतो. कालचा कार्यक्रम आणि आजचं मत. आत्मचरित्र लिहिणाऱ्याला शेवट माहीत असतो, त्यामुळे आठवणींना नकळत इस्त्री होते. दोन्ही शेजारी ठेवून वाचलं की ती इस्त्री ओळखू येते.

2016 साली ब्रिटिश लायब्ररीत पंकवर प्रदर्शन भरलं होतं. तिथल्या माहितीफलकावर सगळी नावं पुरुषांच्या बँडची. भाषणासाठी आलेल्या व्हिव्हने पेन काढलं, ती नावं खोडली आणि वर स्लिट्स, एक्स-रे स्पेक्स, सूझी अँड द बॅनशीज अशी नावं लिहिली. मला ती फार आवडते ती इथे. साठी ओलांडलेली बाई, आणि हात अजून फॅनझिनवाल्याचाच.

आणि असंच आपल्याकडचं पुस्तक हवं असेल, तर हंसा वाडकर या नटीचं. तुझ्या पिढीला ‘सांगत्ये ऐका’ म्हणजे फक्त 1959चा तमाशापट वाटतो. त्याच नावाचं तिचं आत्मकथन 1970 साली पुस्तकरूपाने आलं, पुढच्याच वर्षी ती गेली. लहान वयात पडद्यावर आलेली ही मुलगी घराचं पोट भरत राहिली. दारू, फसलेलं लग्न, मराठवाड्यातल्या एका घरात अडकून काढलेली वर्षं, सगळं ती सांगते, आणि स्वतःची बाजू सावरायला थांबत नाही. बेनेगलांचा ‘भूमिका’ यावरूनच निघाला. सिनेमा उत्तमच आहे, पण पुस्तक आधी वाच. त्यातल्या स्मिता पाटीलचा चेहरा एकदा डोळ्यांसमोर आला की हंसाबाईंचा आवाज ऐकू येत नाही.

‘सांगत्ये ऐका’ची माझी प्रत तुझ्या बाबांबरोबर पाठवते आहे. समासात मी पेन्सिलीने बरंच लिहिलंय, त्यावर तुझं म्हणणंही लिही. व्हिव्हच्या पुस्तकाची दुसरी बाजू मात्र अर्ध्यावर सोडू नकोस, आणि वाचून झाली की फोन कर.

तुझी,
मावशी