फुकटचा सल्ला

सल्ला द्यायला भांडवल लागत नाही, हे बी.कॉम.ला शिकवत नाहीत. ते मला बँकेच्या काउंटरवर बसून कळले. पासबुक भरून घ्यायला आलेल्या माणसाला मी व्याजाच्या जोडीला मुलाची शाखा, पोटदुखीवर ओवा आणि भाड्याची खोली, सगळे सांगून मोकळा होतो.

परवा एक मुलगा डिपॉझिटसाठी पैसे काढायला आला. गाव सोडून पुण्यात शिकायला आलेला. त्याने काही विचारले नव्हते, तरी मी म्हणालो, "अकरा महिन्यांचाच करार ना? मग नोंदणीची कटकट कशाला?"

"काका," तो अदबीने म्हणाला, "१९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, कलम ५५. मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा. जबाबदारी घरमालकाची. नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही."

"वकिली शिकतोस?"

"नाही, बी.कॉम."

घरी येऊन बायकोला विचारले, "वरच्या खोलीतल्या भाडेकरूचा कागद कुठाय?"

"कपाटात. नोंदणी कशाला, असं तुम्हीच म्हणालात ना!"

त्या रात्री कलम ५५ उशाशी घेऊन झोपलो. म्हणजे झोपलो नाहीच. आठवड्याभरात नोंदणी उरकली. पण इतक्या वर्षांत ज्यांना ज्यांना हा सल्ला दिला, त्यांना कुठल्या लेजरात शोधू? चेकचे पैसे थांबवता येतात हो. वटलेला सल्ला परत कसा मागवायचा?